एका छायाचित्राचे दोन धनी
(इयत्ता पाचवी ते आठवीच्या पाठासाठी व शाळेच्या दैनंदिन व्यवहारासाठी)

प्रास्ताविक

एक काळ असा होता की, खेड्यातील माणसाचे छायाचित्र साऱ्या आयुष्यात दोन-तीनदाच निघे. लग्न झाल्यावर भंडाऱ्याच्या किंवा तुमसरच्या स्टुडिओत जाऊन एक काढावे, शाळेच्या अखेरच्या वर्षी वर्गाचे एक समूहचित्र निघावे आणि म्हातारपणी मुलांनी हौसेने एक काढवून भिंतीवर टांगावे, एवढाच काय तो संबंध. चित्राची प्रत घरातच राही आणि ती कोणास दाखवावयाची हे घरची मंडळी ठरवीत.

आज मोबाइल घरोघरी आला आहे. शाळेतून तर दर आठवड्यास कितीतरी छायाचित्रे बाहेर पडतात. परिपाठ, पोषण आहाराची पंगत, वृक्षारोपण, स्वच्छतेची फेरी, पाहुण्यांची भेट, सर्व काही टिपले जाते. ते आधी केंद्राच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर जाते, तेथून पंचायत समितीच्या गटावर जाते, आणि पुढे ते कोठे पोहोचले याचा माग कोणासही लागत नाही. काम झाल्याचा पुरावा वर पाठविण्याच्या घाईत एक साधा प्रश्न विचारावयाचा राहून जातो : हे छायाचित्र कोणाचे?

हा प्रश्न कायद्याचा आहे तसाच संस्कारांचाही आहे. म्हणून शिक्षकाने तो प्रथम स्वतः समजून घ्यावा व मग वर्गात मांडावा.

महाराष्ट्रातील एक प्रकरण

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील एका स्त्रीचे छायाचित्र तिच्या ओळखीच्या एका छायाचित्रकाराने काढले. ओळखीचाच माणूस, म्हणून तिला त्यात काही वावगे वाटले नाही. पुढे ते छायाचित्र शटरस्टॉक या संकेतस्थळावर चढविले गेले. जाहिरातीसाठी छायाचित्रे हवी असणाऱ्यांना ती पुरविणे हा त्या संस्थेचा व्यवसाय होय. तेथून ते छायाचित्र कोणकोणत्या हातांत गेले हे पाहिले म्हणजे मन थक्क होते. केंद्र शासनाचे एक मंत्रालय, महाराष्ट्र, तेलंगणा, कर्नाटक व ओडिशा ही चार राज्य शासने, एक राजकीय पक्ष आणि काही खाजगी संस्था यांच्या जाहिरातींत व फलकांवर आपला चेहरा वापरला गेला, अशी त्या स्त्रीची तक्रार आहे. कोणीही तिची संमती घेतली नव्हती. तिने मुंबई उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. मार्च २०२५ मध्ये न्यायमूर्ती गिरीश कुलकर्णी व न्यायमूर्ती अद्वैत सेठना यांच्या खंडपीठाने हा प्रश्न आजच्या काळात अत्यंत गंभीर असल्याचे नमूद केले, प्रथमदर्शनी हा त्या स्त्रीच्या छायाचित्राचा व्यापारी उपयोग दिसतो असे मत नोंदविले, आणि संबंधितांना उत्तर देण्यास सांगितले.

या प्रकरणात शिक्षकाने विचार करण्यासारखी गोष्ट अशी की, छायाचित्रकार परका नव्हता. चेहरा साधा, हसरा व खेड्यातला होता, म्हणूनच तो जाहिरातदारांस हवासा वाटला. आपल्या जिल्ह्यात रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकलेल्या बाया, बोडीवर जाळे टाकणारे ढिवर, मंडईत दंडार पाहणारी मुले यांची छायाचित्रे वाटसरूही काढून नेतात. त्यांतील एखादा चेहरा उद्या एखाद्या शहरातील फलकावर झळकला, तर त्या चेहऱ्याच्या धन्यास ते कळणारही नाही.

पहिला धनी : छायाचित्र काढणारा

भारताचा प्रताधिकार अधिनियम १९५७ साली संमत झाला व जानेवारी १९५८ पासून अमलात आला. प्रताधिकार म्हणजे ज्याला सर्वत्र कॉपीराइट म्हणतात तो हक्क. या कायद्याने छायाचित्र ही कलाकृती मानली असून ते काढणारी व्यक्ती तिची कर्ती ठरते. कवितेवर कवीचा जसा हक्क, तसाच छायाचित्रावर ते काढणाऱ्याचा. या हक्कासाठी कोठेही नोंदणी करावी लागत नाही. छायाचित्र निघाले त्याच क्षणी हक्क उत्पन्न होतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रावरील हक्क कर्त्याच्या हयातीत व त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो.

यास काही अपवाद आहेत. पैसे देऊन कोणाकडून छायाचित्र काढवून घेतले आणि वेगळा करार केलेला नसला, तर काढवून घेणारा हा प्रथम हक्कदार होतो. म्हणजे लग्नाची छायाचित्रे मोल देऊन काढविली असतील, तर करार नसताना ती स्टुडिओवाल्याने आपल्या जाहिरातीत लावणे योग्य नव्हे. त्याचप्रमाणे नोकरीचे काम म्हणून काढलेल्या छायाचित्राचा हक्क सामान्यतः नोकरी देणाऱ्याकडे जातो.

‘इंटरनेटवर सापडले, म्हणजे ते सर्वांचे’ अशी एक समजूत सर्वत्र पसरलेली आहे. ती चुकीची आहे. जानेवारी २०१० मध्ये हैती या देशात भयंकर भूकंप झाला. तेथील एका छायाचित्रकाराने काढलेली चित्रे ट्विटरवरून उचलून एका जगप्रसिद्ध वृत्तसंस्थेने व एका छायाचित्र-विक्री संस्थेने त्याला न विचारता वितरित केली. त्याने अमेरिकेत दावा लावला, आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये न्यू यॉर्क येथील ज्यूरीने त्याला १२ लक्ष डॉलर भरपाई ठरवून दिली. वाटेवरील झाडाचा आंबा हाताला लागतो म्हणून झाड आपले होत नाही, हाच न्याय येथे लागू होतो.

शिक्षकासाठी कायद्याने एक दार मुद्दाम उघडे ठेवले आहे. शिकविण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने एखाद्या कृतीची नक्कल केली, तर तो प्रताधिकाराचा भंग होत नाही. किल्ल्यांचा पाठ शिकविताना इंटरनेटवरील किल्ल्याचे छायाचित्र वर्गात दाखविण्यास प्रत्यवाय नाही. मात्र तेच छायाचित्र विक्रीच्या पुस्तिकेत छापणे किंवा आपले नाव घालून फेसबुकवर लावणे हा अध्यापनाचा भाग होत नाही. अशा वेळी मूळ छायाचित्रकाराची परवानगी घ्यावी, किंवा विकिमीडिया कॉमन्ससारख्या ठिकाणची, कर्त्यांनी स्वतः अटींसह मोकळी केलेली चित्रे घ्यावीत. त्या अटींत बहुधा कर्त्याचे नाव देण्याची अट असते. ती पाळण्यास एका ओळीहून अधिक जागा लागत नाही.

दुसरा धनी : ज्याचा चेहरा आहे तो

येथपर्यंतचा विचार छायाचित्र काढणाऱ्याचा झाला. परंतु वर सांगितलेल्या प्रकरणातील स्त्रीने कॅमेऱ्याची कळ दाबलेली नव्हती. मग तिचा हक्क कोणता?

प्रत्येक शिक्षकाच्या परिचयाचा सातबारा उतारा येथे उपयोगी पडेल. सातबाऱ्यावर जमीन धारण करणाऱ्याचे नाव असते, आणि त्याच उताऱ्यावर ‘इतर अधिकार’ असाही एक रकाना असतो. जमीन एकाची असली तरी दुसऱ्याचा हक्क तीवर असू शकतो, व तो डावलून व्यवहार करणारा अडचणीत येतो. छायाचित्राचेही तसेच आहे. धारकाच्या जागी काढणाऱ्याचे नाव लागते, पण इतर अधिकारात चेहऱ्याच्या धन्याची नोंद असते. ही नोंद डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती विसरली जाते.

हा प्रश्न नवा नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी अमेरिकेत एका तरुणीचे चित्र तिला न विचारता पिठाच्या जाहिरातीवर छापून सुमारे २५,००० प्रती वाटण्यात आल्या. तिने दाद मागितली, परंतु १९०२ साली न्यू यॉर्क राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने निसटत्या बहुमताने तिच्या विरुद्ध निकाल दिला. लोकमत इतके खवळले की, पुढच्याच वर्षी, १९०३ साली, संमतीवाचून कोणाचे नाव वा चित्र व्यापारासाठी वापरण्यास मनाई करणारा कायदा त्या राज्याने केला.

भारतात २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा प्रत्येक नागरिकाचा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. २०२३ साली संसदेने व्यक्तींच्या अंकीय माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. ज्यावरून व्यक्ती ओळखता येते अशी माहिती त्या कायद्याच्या कक्षेत येते, आणि अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांची पडताळून पाहता येईल अशी संमती घ्यावी, असे तत्त्व त्यात घालून दिले आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने करण्याचे ठरले आहे. अत्याचारास बळी पडलेल्या बालकाची ओळख छायाचित्राने वा अन्य मार्गाने उघड करण्यास तर २०१२ च्या बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याने आधीच मनाई केलेली आहे.

याचा अर्थ गावच्या जत्रेत सहज टिपलेले प्रत्येक छायाचित्र गुन्हा ठरते, असा मुळीच नव्हे. कायद्याचे बोट धरून भीत भीत वागण्याची गरज नाही. चेहरा दुसऱ्याचा असेल, तर त्याला विचारावे. आणि तो लहान मूल असेल, तर त्याच्या पालकास विचारावे, एवढी जाणीव पुरेशी आहे.

शाळेने पाळावयाची शिस्त

३ नोव्हेंबर २०१६ च्या शासन निर्णयाने शिक्षकांनी विद्यार्थ्यांसह ‘सेल्फी’ काढून ती सरल प्रणालीवर चढवावी, असे ठरले होते. राज्यभर शिक्षकांनी त्यास विरोध केला व पुढे त्याच्या अंमलबजावणीस स्थगिती मिळाली. विरोधात मुख्यतः वाढत्या कामाचा व इंटरनेटच्या अडचणींचा मुद्दा पुढे होता. मुलांच्या चेहऱ्यांचे काय, हा प्रश्न त्या वेळी मागे राहिला. तो आता पुढे घ्यावयास हवा.

शिक्षकाची अडचणही समजून घेतली पाहिजे. दुपारी संदेश येतो व सायंकाळपर्यंत छायाचित्रांसह अहवाल मागितला जातो. अशा वेळी घरोघर जाऊन संमती घेणे शक्य नसते. यास्तव पुढील गोष्टी आधीच करून ठेवाव्यात.

१. शाळा उघडताच, रोवणीची घाई सुरू होण्यापूर्वी, पालकांची सभा घ्यावी. छायाचित्रे कशासाठी काढली जातात व कोठे पाठविली जातात, हे सोप्या भाषेत सांगून लेखी संमती घ्यावी. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही, त्यांना मजकूर वाचून दाखवावा. नकार देणाऱ्या पालकाच्या मुलास कोणत्याही उपक्रमातून वगळू नये. ठराव शाळा व्यवस्थापन समितीच्या कार्यवृत्तात नोंदवावा.

२. कामाचा पुरावा देण्यासाठी प्रत्येक वेळी चेहरा लागत नाही. रोप लावणारे हात, ताटातील भात-वरण, फळ्यावरील लेखन, पाठमोरी बसलेली रांग यांनीही काम सिद्ध होते. जेवताना, रडताना, आजारी असताना किंवा फाटक्या कपड्यांत मुलाचे छायाचित्र काढू नये. मोफत गणवेश, सायकल वा शिष्यवृत्ती घेणाऱ्या मुलाला दात्यापुढे उभे करून त्याचे दारिद्र्य जगास दाखवू नये. मदत घेणाऱ्यालाही मान असतो.

३. छायाचित्रासोबत मुलाचे पूर्ण नाव, वर्ग व गाव एकत्र लिहू नये. या तीन गोष्टी एकत्र आल्या की, अनोळखी माणूस थेट शाळेच्या फाटकापर्यंत पोहोचू शकतो.

४. शाळेची छायाचित्रे शिक्षकाने आपल्या वैयक्तिक फेसबुक पानावर वा व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवर ठेवू नयेत. अहवाल पाठविल्यावर ती आपल्या मोबाइलमधून काढून टाकावीत.

५. बाहेरची संस्था, वार्ताहर किंवा पाहुणे शाळेत छायाचित्रे काढू लागल्यास मुख्याध्यापकांनी त्यांचा उद्देश विचारावा. नकार देण्याचा अधिकार शाळेस आहे, आणि तो नम्रतेने वापरता येतो.

पाठाची रूपरेषा

उद्देश : चित्रावर काढणाऱ्याचा व ज्याचे चित्र आहे त्याचा, असे दोघांचे हक्क असतात, हे मुलांच्या अनुभवातून पटविणे.

साहित्य : प्रत्येक मुलास एक कोरा कागद व पेन्सिल. मोबाइलची आवश्यकता नाही.

पूर्वतयारी : मुलांच्या जोड्या कराव्यात. प्रत्येकाने आपल्या जोडीदाराचे चित्र दहा मिनिटांत काढावे. चित्र वेडेवाकडे आले तरी चालेल. किंबहुना तसे आल्यास पाठ अधिक रंगेल.

विषयप्रतिपादन : एक चित्र वर धरून बाईंनी विचारावे, “हे चित्र कोणाचे?” काढणारा म्हणेल, “बाई, माझं. मी काढलं.” जोडीदार म्हणेल, “नाही बाई, माझं. तोंड माझं आहे.” वर्गात हशा पिकेल. तो पिकू द्यावा, आणि मग दोन्ही उत्तरे फळ्यावर लिहावीत. दोन्ही बरोबर आहेत, हे सांगण्याची घाई करू नये. पुढील प्रश्नांनी मुलेच तेथवर येतील.

(अ) जोडीदाराने हे चित्र खोडून त्याखाली आपलेच नाव लिहिले, तर काढणाऱ्याला काय वाटेल?
(आ) काढणाऱ्याने हे चित्र जोडीदाराला न विचारता शाळेच्या फाटकावर चिकटविले, तर जोडीदाराला काय वाटेल?
(इ) वर्गाबाहेरच्या तिसऱ्याने ते चित्र उचलून दुकानात विकले, तर कोणाकोणाला विचारावयास हवे होते?

तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात पाठाचे सार आहे. ‘दोघांनाही’ हे उत्तर मुलांच्या तोंडून आले म्हणजे बाईंनी मोबाइलमधील छायाचित्राकडे वळावे आणि कागदावर लागू असलेला न्याय तेथेही लागू असल्याचे सांगावे. फरक इतकाच की, फाटकावरचा कागद काढून फाडता येतो. मोबाइलमधून गेलेले छायाचित्र हजार ठिकाणी उमटते व सर्व प्रती परत घेणे कोणाच्याही हाती राहत नाही.

उपयोजन : शेवटी प्रत्येक मुलाने जोडीदारास विचारावे, “तुझं चित्र भिंतीवर लावू का?” होकार आला तरच चित्र भिंतीवर लावावे व खाली काढणाऱ्याचे नाव लिहावे. नकार आल्यास चित्र जोडीदारास देऊन टाकावे. नकार देणाऱ्याची थट्टा होणार नाही, याकडे बाईंनी कटाक्षाने लक्ष द्यावे. नकार सन्मानाने ऐकून घेण्याची सवय हीच या पाठाची खरी कमाई होय.

स्वाध्याय : घरातील एक जुने छायाचित्र कोणी, कोठे व कशासाठी काढले हे आजी-आजोबांस विचारून पाच ओळी लिहिणे.

दुरुपयोग झाल्यास

वरच्या वर्गांतील एखाद्या मुलीचे छायाचित्र उचलून, त्यावर विकृत संस्कार करून ते गावात फिरविले जाण्याचा धोका आज खरा आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी एकाचा चेहरा दुसऱ्याच्या देहावर बसविणे सोपे झाले आहे. अशा प्रसंगी बहुधा पहिला घाव मुलीच्या शिक्षणावर पडतो. घरचे लोक भयाने तिला शाळेतून काढतात. दोष दुसऱ्याचा आणि शिक्षा तिला, असा उलटा न्याय होतो. तो थोपविण्याची शक्ती गावात ज्या थोड्या माणसांपाशी असते, त्यांत शिक्षक अग्रभागी आहे.

मुलीला ‘फोटो दिलासच का?’ असा प्रश्न विचारू नये. तिचे म्हणणे एकांतात, शक्यतो शिक्षिकेने, शांतपणे ऐकावे. ज्या खात्यावरून वा क्रमांकावरून चित्र आले तो तपशील, दिनांक व वेळ लिहून ठेवावी. अश्लील चित्र पुरावा म्हणून कोणासही पुढे पाठवू नये, कारण बालकाचे तसे चित्र बाळगणे व पसरविणे हाही गुन्हा आहे. पालकांस विश्वासात घेऊन पोलिसांस त्वरित कळवावे. बालकावरील लैंगिक गुन्ह्याची माहिती असताना ती न कळविणे हा २०१२ च्या कायद्याप्रमाणे स्वतंत्र अपराध आहे. साहाय्यासाठी सायबर गुन्ह्यांचा १९३० व बालकांचा १०९८ हे क्रमांक मुख्याध्यापकांच्या खोलीत ठळक लावावेत. नग्न वा बनावट रीतीने बदललेल्या चित्राबद्दल ज्या व्यक्तीचे ते चित्र आहे तिच्याकडून तक्रार आल्यास समाजमाध्यमांनी ते ठरलेल्या मुदतीत हटवावे, असे बंधन २०२१ च्या नियमांनी घातले. म्हणून त्या माध्यमाकडेही तक्रार करण्यास विलंब लावू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, दुसऱ्या दिवशी ती मुलगी आपल्या बाकावर बसलेली असेल, यासाठी शिक्षकाने तिच्या घरी स्वतः जावे.

समारोप

वर्गात मुलाची पाटी हातात घेण्यापूर्वी चांगला शिक्षक म्हणतो, “बघू का रे, काय लिहिलंस?” पाटी मुलाची आहे, हे त्या एका वाक्यात त्याने मान्य केलेले असते. मोबाइल वर उचलण्यापूर्वी तसेच एक वाक्य बोलावे : “फोटो काढू का?” उत्तरासाठी क्षणभर थांबावे. ज्या मुलाला शाळेत असे विचारले गेले, ते मूल मोठे झाल्यावर दुसऱ्यालाही विचारील. आणि कोणी न विचारता त्याचा चेहरा उचलून नेला, तर आपले काही गेले आहे हे ते ओळखील.